पेपर होल्डरचं काय करायचं?

आमचं सांगलीत सॅनिटरीचं दुकान आहे. पॅन, कमोड, नळ, पाइप, जेट, चेंबरची झाकणं असला सगळा माल. परवा विश्रामबागेकडचं एक कुटुंब नव्या घराचा माल बघायला आलं होतं. मुलगा, सून आणि आजी. कमोड भिंतीचा घ्यायचा की जमिनीवरचा, यावर नवराबायकोचं थोडं वाजलं. मग बाथरूमच्या ॲक्सेसरीजचा खोका उघडला. टॉवेलचा रॉड, साबणाची डिश, ब्रशचा ग्लास, कपड्यांचा हुक आणि एक वाकडा दांडा. आजींनी नेमका तोच उचलला.

"हे काय ओ?"

"पेपर होल्डर, आजी. कमोडशेजारी लावायचा. कागदाचा रोल अडकवायला."

"कागद कशाला तिथं?"

मी सांगितलं. आजींनी दांडा खोक्यात परत ठेवला, जणू तो वापरलेलाच होता असा हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "मग काय, किस्ना आटली काय?"

सगळे हसले, मीही हसलो. मी वीस वर्षं हे होल्डर विकतोय, पण ते सेटमध्ये येतात म्हणून. ज्यांच्या घरी जाणं होतं त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या होल्डरला रोल दिसतो. एकांनी त्याच्यावर मोबाइल ठेवायला फळी ठोकली आहे. पण आजींचा प्रश्न डोक्यात राहिला. जगातली काही माणसं धुतात आणि काही पुसतात, असं का झालं असेल? आणि यात शहाणं कोण?

आजींच्या आधी हाच प्रश्न साडेअकराशे वर्षांपूर्वी अरबांना पडला होता. इ. स. ८५१ च्या सुमारास चीनच्या बंदरांत जाऊन आलेल्या अरब व्यापाऱ्यांच्या हकिकती कुणीतरी लिहून ठेवल्या. तिथलं रेशीम, तिथली चिनी मातीची भांडी, सगळ्याचं कौतुक केलंय. आणि मग नाक मुरडून लिहिलंय की ही माणसं स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर नाहीत, शौचाला जाऊन आल्यावर पाणी घेत नाहीत, नुसतं कागदानं पुसतात. इस्लाममध्ये पाण्यानं शुद्ध होण्याचे नियम पक्के, त्यामुळे त्यांना ते खटकणारच. आमच्या आजी आणि तो अरब व्यापारी समोरासमोर बसले असते तर दोघांचं छान जमलं असतं.

कागद मुळात चीनचा. तो तिथं इतर जगाच्या कित्येक शतकं आधी मुबलक झाला आणि मुबलक झालेली वस्तू कुठं कुठं पोचते हे आपल्याला रद्दीवरून माहीत आहे. इ. स. ५८९ मध्ये यान झीत्वी नावाच्या विद्वान अधिकाऱ्यानं लिहिलंय की ज्या कागदावर चीनच्या जुन्या, मानाच्या पंचग्रंथांतली वचनं किंवा ऋषींची नावं असतील, तो संडासात वापरायचं मला धाडस होत नाही. म्हणजे बाकीचा कागद खुशाल वापरत होते! आपण पुस्तकाला पाय लागला की हात लावून नमस्कार करतो, तीच भावना. फक्त आपल्याकडे पायापर्यंतच प्रश्न आला. १३९३ मध्ये मिंग बादशहाच्या नानजिंगच्या दरबारासाठी वर्षाला ७ लाख २० हजार कागद लागले, एकेक दोन फूट बाय तीन फुटांचा. राजघराण्यासाठी वेगळे १५ हजार, लहान, मऊ आणि सुगंधी. सरकारी खात्यानं हिशेब ठेवला म्हणून आज आपल्याला तो कळतो.

बाकीच्यांनी काय वापरलं? जे हाताशी होतं ते. ग्रीकांनी गुळगुळीत खडे आणि खापरं वापरली. रोमन लोकांच्या सार्वजनिक संडासात दगडी बाकाला ओळीनं भोकं असायची आणि माणसं शेजारी शेजारी गप्पा मारत बसायची. तिथं काठीला बांधलेला समुद्री स्पंज असे. त्यानं पुसत असत असं बहुतेक जण म्हणतात. काही अभ्यासकांच्या मते तो आपल्या संडासातल्या ब्रशसारखा घासायचा असावा. पुसायचा असेल तर एकच स्पंज सगळ्यांना, हे मला जास्त भयंकर वाटतं. जपानमध्ये लाकडाच्या चपट्या पट्ट्या होत्या. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मक्याची दाणे काढलेली कणसं वापरली. आपल्याकडे पाणी नसलं की ढेकूळ, दगड, झाडाचा पाला. माझं आजोळ तासगाव तालुक्यात. तिथं गावाबाहेर पाणंदीला जायचं, डालड्याच्या डब्याला तार लावून केलेलं टमरेल घेऊन. वैशाखात आड कोरडा पडला की आजी टमरेल अर्धंच भरून द्यायची आणि म्हणायची, "जपून." पाण्यानं धुणाऱ्या आपल्या संस्कृतीचा अभिमान बाळगताना ते अर्धं टमरेल मला आठवतं.

लाकडाच्या पट्ट्यांवरून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इथून विषय पुसण्याधुण्याच्या पुढं जातो. चीनच्या वायव्येला तुनहुआंगजवळ रेशीममार्गावर एक जुना टप्पा होता. घोडे बदलायचे, निरोपे थांबायचे, तसली जागा. तिथल्या संडासाच्या खड्ड्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या काठ्या सापडल्या, टोकाला कापड गुंडाळलेल्या. कोरडी हवा असल्यानं कापडावरचा मळसुद्धा टिकला होता. २०१६ मध्ये संशोधकांनी त्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यात चार जातींच्या जंतांची अंडी मिळाली. त्यातली एक जात यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीची. हा कृमी माणसात येतो तो कच्चे किंवा अर्धेकच्चे गोड्या पाण्यातले मासे खाऊन, आणि त्याला वाढायला दलदलीचा प्रदेश लागतो. तुनहुआंग म्हणजे वाळवंटाचं तोंड. हा कृमी आढळणारा जवळात जवळचा मुलूख तिथून दीड हजार किलोमीटरवर! म्हणजे कुणीतरी प्रवासी पोटात तो कृमी घेऊन एवढी मजल मारून आला, इथं बसला, काठीनं पुसलं आणि पुढं गेला. ढुंगण स्वच्छ झालं, पण कृमीची अंडी खड्ड्यात आणि काठीवर राहिली.

खरा प्रश्न हाच आहे. शरीरातून बाहेर पडलेली घाण जाते कुठं, आणि वाटेत ती कशाकशाला लागते?

आपल्याकडे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी घराघरात संडास होते आणि त्यांचं पाणी गल्लीतल्या विटांच्या झाकलेल्या गटारात जायचं. मी गटाराच्या पाइपचा धंदा करतो, मला त्या मिस्त्रींचा हेवा वाटतो. पुढं मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शौचानंतर माती लावून धुण्याचा हिशेब दिलाय: गुदाला तीनदा, डाव्या हाताला दहादा, मग दोन्ही हातांना मिळून सातदा. हे आकडे नीट बघा. जिथून घाण निघाली त्याला तीन आणि ज्या हातानं काढली त्याला सतरा! हेतू धार्मिक शुद्धीचा होता, जंतूंची कुणाला कल्पना नव्हती. तरी जोर बरोबर ठिकाणी पडला आहे. उजव्या हातानं जेवायचं, डाव्या हातानं धुवायचं, प्रसाद डाव्या हातात घ्यायचा नाही, ही सगळी त्याच हिशेबाची पिलावळ. डावखुऱ्या पोरांनी मात्र त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला.

या हिशेबाची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. सांगलीत, साताऱ्यात, वाईत जुन्या वाड्यांच्या मागच्या बोळात अजून कुठं कुठं भिंतीत खालच्या अंगाला बुजवलेली चौकोनी भोकं दिसतात. ते टोपलीचे संडास. वर माणूस बसायचा, खाली टोपली किंवा डबा, आणि रोज सकाळी तो मैला दुसऱ्या कुणीतरी ओढून काढायचा आणि डोक्यावरून न्यायचा. तो 'दुसरा कुणीतरी' जातीनं ठरलेला असायचा. हात सतरा वेळा धुणारं शास्त्र एका दारी आणि ठिबकणारी टोपली दुसऱ्याच्या डोक्यावर. या प्रथेला बंदी करणारा कायदा आला १९९३ मध्ये, आणि तो पुरेसा पडला नाही म्हणून दुसरा आला २०१३ मध्ये. सेप्टिक टँकमध्ये उतरून गुदमरल्याच्या बातम्या अजून येतात. आमच्या दुकानात कुणी "माणूस उतरवून टाकी काढून देणारं कोण आहे का?" असं विचारलं तर मी टाकी उपसणाऱ्या गाडीचा नंबर देतो, माणसाचा देत नाही.

आता कागदाकडे. रोल हा प्रकार तसा पोरसवदा आहे. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ गेयेटीनं खास संडासासाठी कागद विकायला काढला. सुट्टे कागद, कोरफडीचा अंश घातलेले, पाचशे कागदांना पन्नास सेंट, आणि प्रत्येक कागदावर स्वतःचं नाव! लोकांनी पाठ फिरवली. घरात जुनी वर्तमानपत्रं आणि मालाच्या फुकट येणाऱ्या जाडजूड याद्या असताना पुसायला पैसे कोण मोजणार? संडासातल्या खिळ्याला अडकवता यावं म्हणून तिकडं एका पंचांगाला कोपऱ्यात भोकच पाडून देत असत.

मग सेठ व्हीलर नावाच्या माणसानं फाडायला सोप्या, भोकांच्या रेघा असलेल्या कागदाचा रोल आणला. त्याच्या १८९१ च्या पेटंटच्या चित्रात कागद रोलच्या वरून पुढं येतो. रोल वरून सुटावा की खालून, यावर तिकडे घराघरात भांडणं होतात, त्याचा निकाल या चित्रात लागला असं लोक मानतात. स्कॉट बंधूंची कंपनी त्याच सुमारास रोल विकत होती, पण तसला माल म्हणून लाजेनं सुरुवातीला दुसऱ्या दुकानदारांच्या नावांखाली. आणि १९३५ मध्ये एका कंपनीनं आपला कागद 'कुसळमुक्त' आहे अशी जाहिरात केली. म्हणजे तोवरच्या कागदात लाकडाची कुसळं असायची. यावर मी काही बोलत नाही.

पण वर्तमानपत्र फुकट असताना लोक अखेर रोलकडे वळले कसे? याचं उत्तर माझ्या दुकानात शेल्फवर पडलेलं आहे. त्याला आम्ही ट्रॅप म्हणतो. कमोडच्या मागचा किंवा पॅनच्या खालचा तो वळलेला पाइप. त्या वळणात कायम थोडं पाणी साठून राहतं. पाण्याची ती बूचच गटारातला वास आणि झुरळं घरात येऊ देत नाही. १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं असं वळण असलेल्या फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, आणि संडास परसातून उठून घरात आला. त्याआधी तो घरात आणायचा म्हणजे गटार घरात आणण्यासारखं होतं. पण वळण आलं की अडकणंही आलं. परसातल्या खड्ड्यात वर्तमानपत्र टाका नाहीतर कणीस, त्याला फरक पडत नव्हता. ट्रॅपमध्ये मात्र वर्तमानपत्राचा बोळा बसला की प्लंबरला बोलवा. पाण्यात विरघळल्यासारखा सुटा होणारा कागद ही त्या वळणाची गरज होती. माझ्या मते टॉयलेट पेपर खपवला तो प्लंबिंगनं, जाहिरातींनी नंतर फक्त भाव वाढवला.

हा कागद सुटा कसा होतो ते घरी करून बघा. दोन काचेचे ग्लास घ्या. एकात टॉयलेट पेपरचे दोन तुकडे, दुसऱ्यात लहान बाळांना पुसायचा ओला वाइप. दोन्हीत पाणी घालून तळहातानं झाकून हलवा. मी दुकानात गिऱ्हाइकांना दाखवतो. दहा-पंधरा हिसक्यांत पहिल्या ग्लासात ताकासारखं गढूळ पाणी होतं, पांढरे धागे तरंगायला लागतात. दुसऱ्यात वाइप जसाच्या तसा, उलट धुऊन स्वच्छ. कागद म्हणजे लाकडाचे बारीक तंतू एकमेकांत गुंतून, वाळताना एकमेकांना चिकटून झालेली चादर. पाणी लागलं की ती चिकट सुटते. हात पुसायचा टिश्यू किंवा स्वयंपाकघरातला रोल ओला झाला तरी फाटू नये म्हणून त्यात एक प्रकारची राळ घालतात, टॉयलेट पेपरमध्ये ती जाणूनबुजून घालत नाहीत. वाइपमध्ये बहुधा प्लास्टिकचे तंतू असतात, ते कशाला सुटतील? आणि कागदाला मऊपणा येतो तो आणखी एका युक्तीनं. ओली चादर एका मोठ्या गरम रुळावर वाळवतात आणि धारदार पात्यानं खरवडून काढतात. खरवडताना तिला बारीक बारीक चुण्या पडतात, इरकलीच्या निऱ्या चुरगळाव्यात तशा. रोलचा कागद हलका ताणून बघितलात तर त्या चुण्या डोळ्यांना दिसतात.

वाइपचं सगळं मला दुसऱ्याला सांगायला सोपं जातं, कारण चूक आमच्याच घरात झाली होती. नातू झाला तेव्हा दोन महिन्यांत खालच्या मजल्यावरचा कमोड भरून यायला लागला. मी सॅनिटरीवाला, म्हणून दोन दिवस गुर्मीत पाइपला दोष दिला. मग चेंबरचं झाकण काढलं. वाइपचा एक लांबलचक पेड, वेणीसारखा पिळलेला, त्यावर स्वयंपाकघरातल्या तेलाचा पांढरा थर. मिस्त्रीनं तो बाहेर ओढला तेव्हा आमची सून घरात गेली आणि तासभर बाहेर आली नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ मध्ये असलाच एक गोळा सापडला होता, वाइप आणि चरबीचा. २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा. आमचा तसा किरकोळ होता म्हणायचा.

कागदाची सवय लागलेल्या माणसाला तो नाही म्हटलं की काय होतं हे जगानं दोनदा पाहिलं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा जपानमध्ये बायकांनी रोलसाठी दुकानांवर झुंबड केली. दुसऱ्यांदा मार्च २०२०, कोरोना आला तेव्हा. इस्लामपूरचं नाव तेव्हा रोज बातम्यांत होतं, सगळा जिल्हा धास्तावलेला, आणि टीव्हीवर परदेशातली रिकामी फळकुटं. आपल्याकडे किराणा, तेल, गॅस यांची धावपळ झाली. रोलचं दुःख सांगलीत कुणाला झालं असेल तर मला भेटलं नाही.

इथवर वाचून 'बघा, आपणच शहाणे' असं म्हणून तांब्या उंचावायचा मोह होईल. थोडं थांबा. पाण्यानं धुतल्यानं कातडी जास्त स्वच्छ होते यात वादच नाही. हाताला चिखल लागला तर आपण कागदानं पुसून जेवायला बसत नाही. मूळव्याध किंवा चीर असेल तर डॉक्टरही पाणीच घ्या म्हणतात. (धुताना किंवा पुसताना हात पुढून मागं न्यावा, विशेषतः बायकांनी आणि मुलींनी. उलटा नेला तर मळातले जंतू लघवीच्या वाटेला लागतात आणि जळजळ, संसर्ग मागं लागतो. आईनं लेकीला हे लाजून सांगायचं राहून जातं.) पण धुण्यात एक गोष्ट अशी होते जी पुसण्यात कमी होते: हात थेट घाणीला लागतो. तो नुसत्या पाण्याखाली धरून झटकला तर ढुंगण स्वच्छ आणि भाकरी घाण, असा सौदा होतो.

हात हा गुन्हेगार आहे हे सिद्ध व्हायला १८४७ साल उजाडावं लागलं. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात शिकाऊ डॉक्टर बाळंतपण करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बायका तापानं भराभर मरत, सुइणींच्या विभागात कमी. इग्नाझ झेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की शिकाऊ डॉक्टर प्रेतं चिरून तसेच बाळंतिणींकडे येतात. त्यानं क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात १८ बायका दगावत होत्या, जूनमध्ये दोनेक. एवढं डोळ्यांसमोर होऊनही वरिष्ठ मानेनात, कारण 'सभ्य माणसाचे हात घाण असतात' हे ऐकून घ्यायची तयारी नव्हती. झेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला. जंतूंचं शास्त्र त्यानंतर पक्कं झालं.

साबण नेमकं काय करतो ते एकदा कळलं की हात झटकायची सवय सुटते. जंतू हातावर तसे मोकळे बसत नाहीत. कातडीच्या तेलकटपणात रुतून बसतात. तेलाला पाणी लागत नाही, शेवयांच्या खिरीवरच्या तुपासारखं ते वेगळंच राहतं. साबणाच्या कणाची एक बाजू तेलाला धरते, दुसरी पाण्याला. चोळलं की हे कण तेलाच्या थेंबाभोवती कोंडाळं करतात, तेलाची बाजू आत, पाण्याची बाहेर, आणि तो थेंब आतल्या जंतूंसकट पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून साबणाइतकंच महत्त्व चोळण्याला आहे. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यात, नखांत. राखेनं हात धुणारी आमची आजी चुकत नव्हती, राखेत खार असतो, तो तेलकटपणा सोडवतो. माती मात्र नको. अंगणातल्या मातीतच जंतांची अंडी असायची शक्यता.

हाताची वाट बंद झाली तरी मळ आणखी चार वाटांनी तोंडापर्यंत येतो: पाणी, माश्या, शेतातली माती आणि अन्न. या वाटा तोडायच्या तर मळ जमिनीत बंद केला पाहिजे. आमच्या जिल्ह्यानं यात एक काम केलंय ते सांगतो. अंजनीचे आर. आर. पाटील, आपले आबा, ग्रामविकास मंत्री असताना २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गाडगेबाबा दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन करत हिंडले, त्यांच्या नावानं गावं झाडायला लागली, गावागावांत स्पर्धा लागली. त्याच काळात गुड मॉर्निंग पथकं निघाली, पहाटे पाणंदीला टमरेल घेऊन जाणाऱ्याला गाठून गुलाबाचं फूल नाहीतर दंड. लाजवण्याची ती पद्धत मला कधी पटली नाही. ज्याच्या घरात संडासाला जागाच नाही त्याला फूल देऊन काय करता? पण पाणंदी मोकळ्या झाल्या हेही खरं.

त्या वेळी खेड्यांत दोन खड्ड्यांच्या संडासांचा आग्रह होता आणि अजूनही कुणी विचारलं तर मी तोच सांगतो. पॅन ग्रामीण पद्धतीचा, उताराला जास्त तिरका, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतो. अर्ध्या टमरेलाच्या गावाला हे फार मोलाचं. मागं दोन खड्डे, विटांत मधून मधून फटी सोडून बांधलेले, दोघांत किमान मीटरभर अंतर. पॅनचा पाइप एका छोट्या चेंबरमध्ये येतो, तिथून एका वेळी एकच खड्डा चालू, दुसऱ्याचं तोंड वीट लावून बंद. पाणी फटींतून जमिनीत मुरतं, मळ आत राहतो. चारपाच माणसांच्या घराला एक खड्डा भरायला साधारण तीन वर्षं लागतात. भरला की वीट इकडची तिकडं. दीड-दोन वर्षांत बंद खड्ड्यातलं खत होतं. आजोळच्या घरी मामानं असला खड्डा उघडला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. नाकाला रुमाल बांधून. आत काळसर, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी, आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसला वास. मामानं ते घमेल्यात भरून द्राक्षाच्या बागेला न घालता परसातल्या आंब्याला घातलं. "द्राक्षं विकायची असतात," एवढंच म्हणाला.

विहिरीपासून मात्र खड्डा दहा मीटर तरी लांब हवा. आणि नदीकाठच्या काळ्या रानात हा खड्डा नीट चालत नाही, पाणी मुरतच नाही, भोवती वाळू भरावी लागते. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले तेव्हा खड्डा काय आणि टाकी काय, सगळं एक झालं. घरात पाणी शिरण्याच्या काही तास आधी कमोड गुडगुडायला लागले होते. ज्या वाटेनं मळ जातो त्याच वाटेनं पूर घरात आला. ओसरल्यावर गाळ उपसायच्या आधी लोकांनी माझ्याकडं ब्लीचिंग पावडर आणि ब्रश मागितले.

मजा अशी की कागदवाले आता पाण्याकडे यायला लागलेत. फ्रान्सात अठराव्या शतकापासून बिडे होता, बसून धुवायचं एक बुटकं भांडं. शब्दाचा मूळ अर्थ तट्टू, त्याच्यावर तसंच पाय टाकून बसायचं. इटलीत १९७५ च्या नियमानं घराच्या बाथरूममध्ये तो असलाच पाहिजे असं ठरवलं. जपानच्या टोटो कंपनीनं १९८० मध्ये कमोडच्या सीटमधूनच कोमट पाण्याची धार काढली. आणि आपण तांब्या सोडून जेटवर, म्हणजे कमोडशेजारच्या धुवायच्या फवाऱ्यावर आलो. जेट चांगला, हात कमी लागतो. एक खबरदारी मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि प्रत्येक जण विसरतो. जेट कमोडच्या पाण्यात किंवा बादलीत बुडता सोडू नका, आणि काम झालं की भिंतीतला कॉक बंद करा. टाकी धुताना लाइनमधलं पाणी उतरलं की पाइप पाणी उलटं ओढतो, आणि कमोडातलं पाणी नळाच्या लाइनला मिळू शकतं.

विश्रामबागेच्या कुटुंबानं सेट घेतला, सुटा देत नाही म्हणून होल्डरसकट. गेल्या आठवड्यात कॉक बदलायला त्यांच्याकडे गेलो होतो. बेसिनपाशी साबण होता, नातवाच्या हाताला लागेल एवढ्या खाली, ते बघून बरं वाटलं. होल्डरला हातपुसणं अडकवलेलं, घरातल्या सगळ्यांचं मिळून एक, ओलंगच्च. आजींना म्हटलं, धुतलेला हात असल्या ओल्या फडक्याला पुसला की धुतल्याचं निम्मं वाया जातं, प्रत्येकाचं वेगळं ठेवा आणि रोज उन्हात टाका.

आजी म्हणाल्या, "मग अजून चार होल्डर द्या की."